नव्या एसक्यूएल सर्व्हरचा बॅकअप जुन्यावर चढत नाही, खरेदी केंद्राचं काय करू?

काटापावती (राळेगाव)
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबडा आहे, पण सीझन तोंडावर आलाय म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो.

आमच्या कापसाच्या जिनिंगचं ऑफिस तालुक्याला आणि खरेदी केंद्र आत खेड्यात. केंद्रावर काट्याला जोडलेला जुना डबा आहे. विंडोज ७, तेही ३२ बिटचं, दोन जीबी रॅम, आणि त्यात मायक्रोसॉफ्टचं डेटाबेस सॉफ्टवेअर, एसक्यूएल सर्व्हर २००८ आर२ एक्सप्रेस. गाडी काट्यावर चढली की वजन स्क्रीनवर येतं, कास्तकाराचं नाव निवडायचं, ओलावा टाकायचा, पावती निघते. इतकी वर्षं ऑफिसलाही २००८ आर२ च होतं. सीझनच्या आधी ऑफिसचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्यायचा, केंद्रावर रिस्टोर मारायचा, झालं.

यंदा शेठजींनी ऑफिसला नवीन पीसी घेतला. सॉफ्टवेअरवाल्यानं त्यावर विंडोज १० आणि एसक्यूएल सर्व्हर २०१९ टाकून दिलं, जुना डेटा चढवून दिला. तो मुकाट चढला. आता तिथला बॅकअप केंद्रावर नेला तर ३१६९ नंबरची एरर. मतलब एवढाच, की बॅकअप १५.०० (म्हणजे २०१९) वर घेतलाय, हा सर्व्हर १०.५० (म्हणजे २००८ आर२) आहे, जमणार नाही.

सॉफ्टवेअरवाला म्हणतो केंद्राचा पीसी बदला. शेठजी म्हणतात काट्याला जोडलेल्या मशीनला सीझनमध्ये कोणी हात लावायचा नाही. मधल्या मधे मी.

डेटाबेस दीड जीबीच्या आतबाहेर आहे. कास्तकारांची यादी, गावं, मागचे चुकारे, दिलेली उचल, सगळं केंद्रावर लागतं. नावं मराठीत आहेत. २०१९ मधून असं काही एक्सपोर्ट करता येतं का जे २००८ आर२ खाईल?

तर्रीपोहे (नागपूर)
पहिला नंबर माझा. उत्तर माहीत नाही, पण बसायला सतरंजी आणली आहे.

सरकीढेप (हिंगणघाट)
भाऊ, एवढं काय त्यात. २०१९ मध्ये डेटाबेसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ऑप्शन्स. तिथं कम्पॅटिबिलिटी लेव्हल असते, ते १०० करा. १०० म्हणजे २००८. मग बॅकअप घ्या. चढलाच पाहिजे.

काटापावती
ती आधीपासूनच १०० वर आहे भाऊ. जुना डेटा चढवला तेव्हापासून तशीच आहे. तरी तीच एरर.

सरकीढेप
आं? मंग ते १०० कायले देऊन ठेवलं हाय त्यायनं?

विदा_मावशी (अमरावती)
सरकीढेप, हा समज फार जणांचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

कम्पॅटिबिलिटी लेव्हल फक्त एवढं ठरवते की क्वेरी कोणत्या काळाच्या नियमांनी चालवायची. जुनं सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर आदळू नये म्हणून ती सोय आहे. डेटाबेसची फाइल आतून कशी लिहिली आहे त्याच्याशी तिचा संबंध नाही. फाइलला स्वतःचा वेगळा आवृत्ती क्रमांक असतो. २००८ आर२ चा ६६१, २०१२ चा ७०६, २०१४ चा ७८२, २०१६ चा ८५२, २०१७ चा ८६९ आणि २०१९ चा ९०४. जुना बॅकअप नव्या सर्व्हरवर रिस्टोर केला की फाइल त्याच वेळी ६६१ वरून ९०४ वर जाते आणि परत खाली येत नाही. बटण नाही, कमांड नाही, काही नाही. डिटॅच करून फाइलच उचलून नेली आणि तिकडे अटॅच केली तरी तेच. तिथं एररमध्ये हेच दोन आकडे दिसतील, ९०४ आणि ६६१.

म्हणजे फाइल न्यायची नाही, फाइलीतला मजकूर न्यायचा. तुमच्याकडे एसएसएमएस, म्हणजे डेटाबेस हाताळायचा मॅनेजमेंट स्टुडिओ, असेलच. डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, जनरेट स्क्रिप्ट्स. पुढे ॲडव्हान्स्ड नावाचं बटण आहे, बहुतेक लोक ते न दाबताच पुढे जातात आणि सगळी गंमत तिथंच आहे. "टाइप्स ऑफ डेटा टू स्क्रिप्ट" या ओळीत मुळात फक्त स्कीमा, म्हणजे टेबलांचा नुसता सांगाडा, असतं, ते "स्कीमा अँड डेटा" करा. नाहीतर केंद्रावर कोरे टेबल जातील. "स्क्रिप्ट फॉर सर्व्हर व्हर्जन" मध्ये २००८ आर२ निवडा. आणि फाइल सेव्ह करताना युनिकोड की अँसी असं विचारेल, तिथं युनिकोडच ठेवा. अँसी केलंत तर सगळ्या कास्तकारांचं नाव प्रश्नचिन्ह होईल.

अजून एक. "एन्टायर डेटाबेस" निवडू नका. तसं केलं तर स्क्रिप्टच्या सुरुवातीला डेटाबेस तयार करायची आज्ञा येते आणि तिच्यात ऑफिसच्या पीसीवरचा फोल्डर लिहिलेला असतो, एमएसएसक्यूएल१५ वाला. केंद्रावर तो फोल्डर एमएसएसक्यूएल१०_५० नावाचा आहे, आज्ञा पहिल्याच ओळीला पडेल. केंद्रावर आधी हातानं रिकामा डेटाबेस बनवा, आणि इकडे टेबल, व्ह्यू, प्रोसिजर (डेटाबेसमध्ये साठवलेल्या आज्ञा) वेगळे निवडून स्क्रिप्ट काढा.

मास्तर_मेहकर
वाखुसा (वाचनखूण साठवली). मावशींचे प्रतिसाद वेगळे छापून तालुक्याच्या प्रत्येक कॉम्प्युटर क्लासला वाटले पाहिजेत.

पुण्याचा_वणीकर
मावशींनी सांगितलं ते तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे, पण मूळ प्रश्नच चुकीचा आहे असं माझं मत. २००८ आर२ चा सपोर्ट ९ जुलै २०१९ ला संपला. विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० ला. म्हणजे सुरक्षेचे पॅचेस बंद पडून वर्षं झाली. अशा मशीनवर कास्तकारांचे बँक खाते नंबर ठेवायचे? डेटाबेस क्लाउडवर ठेवा, केंद्रावर ब्राउझर उघडा, पावती काढा. आवृत्तीची भानगडच नाही.

तर्रीपोहे
वणीकर, वणी सोडून किती वर्षं झाली भाऊ?

काटापावती
केंद्रावर नेट म्हणजे मोबाइल घेऊन गच्चीवर चढावं लागतं. तेही लाईन असली तर, कारण लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही जातो. काट्यावर पन्नास गाड्यांची रांग असते, बैलबंड्या, ट्रॅक्टर, मेटाडोर, आणि प्रत्येकाला अंधाराच्या आत घरी जायचं असतं. तिथं "पेज लोड होत आहे" असं सांगून पाहा एकदा.

सरकीढेप
इचार करा, गाडी काट्यावर उभी, कास्तकार खाली उभा, अन् मी त्याले म्हणून राह्यलो, थांब बापा, क्लाउड यायचा हाय. तो आभायाकडे पाह्यन.

पुण्याचा_वणीकर
हसलो. मान्य. पण मग निदान काट्याचा पीसी बदला. इंडिकेटर सिरियल पोर्टवर असेल तर यूएसबीचं कन्व्हर्टर मिळतं, स्वस्तात.

काटापावती
लावून पाहिलं. वजन मधेच गोठतं. गाडी उतरली तरी आकडा हलत नाही. असल्या वजनावर पावती फाडली तर दुसऱ्या दिवशी ऑफिससमोर गर्दी होईल. चांगल्या कंपनीचं कन्व्हर्टर कदाचित चालेलही, पण ते शोधायची वेळ आत्ता नाही.

धानपट्टा (साकोली)
आमच्या राईस मिलमध्ये आम्ही सरळ सीएसव्ही काढतो. टेबल उघडा, सगळं सिलेक्ट, एक्सेलमध्ये पेस्ट, सेव्ह. तिकडे इम्पोर्ट विझार्ड. कोणतीही आवृत्ती असो, सीएसव्हीला जात नसते.

मास्तर_मेहकर
धानपट्टा, एक्सेलमधून जाऊ नका हो. शाळेतल्या मुलांच्या शिष्यवृत्तीच्या यादीत हे प्रकरण पाहिलंय. बँक खात्याच्या सुरुवातीचे शून्य एक्सेल खाऊन टाकतं. आणि एक्सेल आकड्याचे पंधराच अंक धरून ठेवतं, सोळा अंकी खातं असलं की शेवटचा अंक गुपचूप शून्य होतो. ज्याचं खातं त्याचे पैसे भलत्याच खात्याकडे निघतात आणि यादी दिसायला एकदम स्वच्छ.

धानपट्टा
अरे देवा. आमच्याकडे खाते नंबरचा कॉलम आहे. बघतो.

विदा_मावशी
सीएसव्ही वाईट नाही, मधे एक्सेल आणणं वाईट. मोठ्या टेबलांसाठी मी तर बीसीपी वापरा म्हणेन. एसक्यूएल सर्व्हरसोबतच येतं, काळ्या खिडकीत चालतं. ऑफिसवर "आउट", केंद्रावर "इन". मराठी असेल तर डॅश डब्ल्यू द्यायचं, म्हणजे फाइल युनिकोड मजकूर म्हणून निघते आणि ती कोणतीही आवृत्ती वाचते. आत घालताना डॅश ई द्यायला विसरू नका, मोठा ई. तो नसेल तर आयडेंटिटीच्या, म्हणजे आपोआप क्रमांक पडणाऱ्या, कॉलमला तिकडचा सर्व्हर स्वतःचे नवे नंबर देतो. कास्तकार क्रमांक ४१२ चा ४०७ होतो, आणि उचलीच्या टेबलात मात्र ४१२ च लिहिलेलं असतं. एकाची उचल दुसऱ्याच्या नावावर.

जनरेट स्क्रिप्ट्सनं काढलेल्या फाइलमध्ये हे आपोआप सांभाळलं जातं, त्यात आयडेंटिटी इन्सर्ट चालू-बंद करायच्या ओळी असतात. म्हणून काटापावती, तुम्ही छोट्या टेबलांना स्क्रिप्ट आणि पावत्यांच्या मोठ्या टेबलाला बीसीपी असं करू शकता.

बचतगट_बाई (दारव्हा)
मध्येच विचारते, माफ करा. आमचं प्रकरण मायएसक्यूएलचं आहे पण दुखणं तेच वाटतं. बचत गटांच्या हिशेबाचा एक पीएचपीचा प्रोग्राम आहे, माझ्या लॅपटॉपवर मायएसक्यूएल ८ आहे. होस्टिंगवर ५.७ आहे. पीएचपीमायॲडमिनमधून एक्सपोर्ट करून तिकडे इम्पोर्ट केलं तर १२७३ एरर, "अननोन कोलेशन" आणि पुढे काहीतरी ०९०० लिहिलेलं. वेगळा धागा काढू का?

संपादक
विषय जवळचाच आहे, इथंच राहू द्या. फक्त तर्रीपोहे यांना विनंती, यात पाककृती घालू नये.

तर्रीपोहे
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

पुण्याचा_वणीकर
बचतगट_बाई, हे माझ्या रोजच्या कामातलं आहे. मायएसक्यूएल ८ नं मुळातली कोलेशन बदलली, यूटीएफ८एमबी४_०९००_एआय_सीआय अशी केली. ५.७ ला ती माहीतच नाही. एक्सपोर्ट केलेली एसक्यूएल फाइल नोटपॅड प्लस प्लस मध्ये उघडा, तेवढं नाव शोधून सगळीकडे यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा, सेव्ह करा आणि मग इम्पोर्ट करा. मराठी मजकुराला धक्का लागत नाही, फक्त अक्षरांचा क्रम लावायची आणि तुलना करायची पद्धत बदलते.

फाइलीत सुरुवातीला तिरकी रेघ, तारा, उद्गारचिन्ह आणि ४०१०१ असं लिहिलेल्या ओळी दिसतील. त्या टिपणी समजून पुसू नका. त्या आकड्याचा अर्थ असा की सर्व्हर ४.१.१ किंवा त्याहून नवा असेल तरच ही ओळ चालवायची, जुना असेल तर टिपणी समजून सोडून द्यायची. एकच फाइल वेगवेगळ्या आवृत्त्यांवर चालावी म्हणून मायएसक्यूएलनं केलेली ती सोय आहे. मराठी नीट जावी यासाठीची कॅरेक्टर सेटची ओळही त्यातच असते.

आणि लॅपटॉपवरून मायएसक्यूएलडंपनं ५.७ चा बॅकअप घ्यायला जाल तेव्हा "कॉलम स्टॅटिस्टिक्स" नावाची एरर आली तर घाबरू नका, ८ चा डंप ५.७ मध्ये नसलेलं टेबल शोधत असतो. कॉलम-स्टॅटिस्टिक्स बरोबर शून्य असा पर्याय द्या.

बचतगट_बाई
झालं! गावागावातले सगळे गट दिसायला लागले. धन्यवाद दादा. एक विचारायचं राहिलं. हा प्रोग्राम आधी जुन्या मशीनवर चांगला चालत होता, लॅपटॉपवर ८ टाकल्यापासून गटांची यादी उघडली की सिंटॅक्स एरर यायची. मुलानं काहीतरी करून चालू करून दिलं. ते काय होतं?

पुण्याचा_वणीकर
टेबलाचं नाव "ग्रुप्स" आहे का?

बचतगट_बाई
हो! तुम्हाला कसं कळलं?

पुण्याचा_वणीकर
मायएसक्यूएल ८ मध्ये तो राखीव शब्द झाला. "रँक" आणि "सिस्टिम" सुद्धा. डंप फाइल प्रत्येक नाव बॅकटिकमध्ये, म्हणजे उलट्या अवतरणचिन्हांत, गुंडाळते म्हणून टेबल व्यवस्थित जातं, पण प्रोग्राममधल्या क्वेरीत ते नाव उघडं असतं, म्हणून प्रोग्राम पडतो. मुलानं बॅकटिक लावले असतील. ८ वर नवं टेबल करताना ही तीन नावं टाळा.

सरकीढेप
वणीकर भाऊ, तुमी कामाचे निघाले ना बे. क्लाउडचं माफ केलं.

काटापावती
मंडळी, आलो. मावशींनी सांगितलं तसं स्क्रिप्ट काढलं. फाइल भली मोठी झाली, डेटाबेसपेक्षाही मोठी वाटते. केंद्रावर एसएसएमएसमध्ये उघडायला गेलो तर आउट ऑफ मेमरी. दोन जीबी रॅममध्ये ती काय उघडणार.

विदा_मावशी
उघडायचीच नाही. एसक्यूएलसीएमडी नावाची काळ्या खिडकीतली आज्ञा आहे. डॅश एस नंतर सर्व्हरचं नाव, डॅश डी नंतर डेटाबेस, डॅश आय नंतर स्क्रिप्टची फाइल, आणि डॅश ओ नंतर एक नवी फाइल, ज्यात सगळा निकाल लिहिला जाईल. एस मोठा, बाकीची लहान अक्षरं. मग चहा प्यायला जा. आल्यावर ती निकालाची फाइल उघडून "एमएसजी" शब्द शोधा, एरर असतील तर त्या शब्दानं सुरू होतात.

चालवण्याआधी केंद्रावरच्या डेटाबेसचं रिकव्हरी मॉडेल सिंपल करा, नाहीतर लॉग फाइल डिस्क भरून टाकेल. आणि यूपीएसची बॅटरी बघून घ्या. मधेच लाईन गेली तर अर्धे टेबल भरलेले आणि अर्धे कोरे राहतील. तसं झालं तर तिथून पुढे चालवत बसू नका, प्रायमरी की च्या एररचा पाऊस पडेल. डेटाबेस उडवा, नवा कोरा करा, पहिल्यापासून.

तर्रीपोहे
"चहा प्यायला जा" ही पायरी मला जमेल.

धानपट्टा
पेनड्राइव्हचं पण लिहा कोणीतरी. आमच्याकडे पेनड्राइव्ह एका सायबर कॅफेत जाऊन आला की प्रत्येक फोल्डरचा शॉर्टकट झालेला असतो. तो तुमच्या विंडोज ७ मध्ये गेला तर स्क्रिप्ट राहू द्या, काटाच बसेल.

मास्तर_मेहकर
+१. डेटासाठी वेगळा पेनड्राइव्ह ठेवा, त्यावर लाल टेप लावा आणि कोणालाही लग्नाचे फोटो घ्यायला देऊ नका.

माझाही एक मुद्दा. काटापावती म्हणतात नावं मराठीत आहेत. ती खरंच युनिकोड आहेत का ते एकदा बघा. आमच्या संस्थेचा जुना डेटा असाच "मराठीत" होता. प्रत्यक्षात तो शिवाजी फॉन्टमध्ये टाइप केलेला, म्हणजे आत सगळी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं, वर मराठीचा मुखवटा. असा डेटा कोणत्याही आवृत्तीवर बिनतक्रार जातो, कारण सर्व्हरच्या दृष्टीनं ते इंग्रजीच आहे. पण तिकडे तो फॉन्ट नसला की रामरावांच्या जागी नुसता कचरा दिसतो.

काटापावती
आमचा युनिकोड आहे सर, पावतीवर मंगल फॉन्टमध्ये येतो.

तर, एसक्यूएलसीएमडी चालवलं. लाईन राहिली, देवाची कृपा. निकालाच्या फाइलमध्ये एकच एरर सापडली, ती वेगळी लिहितो. पण त्याआधी हे बघा. कास्तकारांची नावं बरोबर, गावं बरोबर, फक्त उचलीच्या टेबलातला "शेरा" हा कॉलम सगळा प्रश्नचिन्हं. एररही नाही काही. फाइल युनिकोडच सेव्ह केली होती. ऑफिसच्या पीसीवर तोच शेरा चांगला दिसतो, "मुलीच्या लग्नासाठी", "मोटार जळाली" वगैरे.

विदा_मावशी
तो कॉलम सॉफ्टवेअरवाल्यानं नवीन सर्व्हर टाकल्यावर वाढवलाय का? ऑफिसच्या एसएसएमएसमध्ये त्या कॉलमचा प्रकार आणि कोलेशन बघून सांगा.

काटापावती
हो, यंदाच वाढवलाय. प्रकार व्हारकार २००. कोलेशनच्या शेवटी यूटीएफ८ लिहिलंय. नावाचा कॉलम मात्र एनव्हारकार आहे.

विदा_मावशी
सापडलं. देवनागरीसाठी एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकार लागतो, साध्या व्हारकारमध्ये ती मावत नाही. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं नवीन सोय आणली, यूटीएफ८ कोलेशन. ती लावली की साध्या व्हारकारमध्येही मराठी राहते. सॉफ्टवेअरवाल्यानं ती वापरली, त्याच्या जागी ते ठीकच आहे. पण २००८ आर२ ला ही कोलेशन ठाऊक नाही, आणि स्क्रिप्ट काढताना कोलेशन लिहायचा पर्याय मुळात बंद असतो. म्हणून तिकडे तो कॉलम साधा व्हारकार म्हणून तयार झाला आणि मराठी आत जाताना गपगुमान प्रश्नचिन्हं झाली. एरर आली असती तर बरं झालं असतं.

केंद्रावर कॉलमचा प्रकार एनव्हारकार २०० करा, ते टेबल रिकामं करा, आणि फक्त तेवढ्या टेबलाचा डेटा परत चालवा. नुसता प्रकार बदलून प्रश्नचिन्हांची अक्षरं परत होत नाहीत. २०० ला पुरेल, कारण यूटीएफ८ मध्ये ते २०० बाइट असतात आणि देवनागरीचं एक अक्षरचिन्ह तीन बाइट खातं. एनव्हारकारमध्ये तुम्हाला उलट जास्त जागा मिळते.

आता ती वेगळी ठेवलेली एरर सांगा.

काटापावती
स्ट्रिंग_ॲग ओळखीचं फंक्शन नाही म्हणतो. एका प्रोसिजरमध्ये आहे. गावानुसार कास्तकारांची नावं स्वल्पविराम देऊन एका ओळीत छापायचा रिपोर्ट आहे तो.

पुण्याचा_वणीकर
स्ट्रिंग_ॲग २०१७ ला आलं. "स्क्रिप्ट फॉर सर्व्हर व्हर्जन" मध्ये २००८ आर२ निवडलं तरी तो विझार्ड प्रोसिजरच्या आतला मजकूर भाषांतरित करून देत नाही, जसाच्या तसा ठेवतो. जुन्यावर तेच काम स्टफ आणि फॉर एक्सएमएल पाथ यांनी करायचं. प्रोसिजर इथं टाका, बदलून देतो. बाकी प्रोसिजरमध्ये ऑफसेट-फेच, आयआयएफ आणि फॉरमॅट शोधून ठेवा, ते २०१२ चे आहेत. "ड्रॉप इफ एक्झिस्ट्स" २०१६ चं.

काटापावती
बाकी काही नाही सापडलं. प्रोसिजर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो.

धानपट्टा
माझा एक बाळबोध प्रश्न. दोन्हीकडे एकच आवृत्ती ठेवली तर ही सगळी कसरत दर सीझनला करावी लागणार नाही ना? ३२ बिटवर चालणारी सगळ्यात नवी कोणती?

विदा_मावशी
बाळबोध नाही, आतापर्यंतचा सगळ्यात शहाणा प्रश्न आहे. २०१४ ही ३२ बिटवर चालणारी शेवटची आवृत्ती, २०१६ पासून फक्त ६४ बिट. २०१४ एक्सप्रेस विंडोज ७ च्या सर्व्हिस पॅक १ वरही बसतं आणि ऑफिसच्या विंडोज १० वरही. म्हणजे ऑफिसचा डेटा एकदाच स्क्रिप्टनं खाली आणायचा, नंतर दोन्हीकडे २०१४, आणि बॅकअप-रिस्टोर पूर्वीसारखं. शेऱ्याचा कॉलम आणि ती प्रोसिजर तरीही बदलावी लागेलच.

पुण्याचा_वणीकर
२०१४ चा सपोर्टही ९ जुलै २०२४ ला संपलाय मावशी. एका मेलेल्या आवृत्तीवरून दुसऱ्या मेलेल्या आवृत्तीवर जाण्यात काय मतलब? आणि ऑफिसचा चांगला २०१९ खाली आणायचा, तोही काट्याच्या जुन्या डब्यासाठी? माझा विरोध. ऑफिस २०१९ वरच राहू द्या, केंद्रासाठी सीझनला एकदा स्क्रिप्ट काढा.

विदा_मावशी
केंद्राच्या मशीनला नेटच नाही, तिथं पॅच येणार तरी कुठून. पण ऑफिसबद्दल तुमचं बरोबर आहे, तिथं नेट आहे, बँकेचं काम होतं. ठीक, ऑफिसचं २०१९ राहू द्या.

काटापावती
ऑफिसला हात लावला तर शेठजी मलाच केंद्रावर राहायला पाठवतील. २०१९ राहणार.

पण सीझनभर केंद्रावर ज्या नव्या पावत्या फाटतील त्या ऑफिसला कशा आणू? परत स्क्रिप्ट?

विदा_मावशी
खालून वर जायला काहीच अडचण नाही, २००८ आर२ चा बॅकअप २०१९ वर बिनधास्त चढतो. फक्त मूळ डेटाबेसवर रिस्टोर करू नका, "केंद्र" अशा वेगळ्या नावानं करा आणि तिथून नव्या पावत्या मूळ टेबलात इन्सर्ट-सिलेक्टनं घ्या. केंद्राच्या पावत्यांना क्रमांकाची वेगळी मालिका द्या, म्हणजे ऑफिसच्या पावत्यांशी टक्कर होणार नाही. आणि सीझनमध्ये ऑफिसवरून केंद्राकडे परत काही पाठवू नका.

चालू करण्याआधी दोन्हीकडे ताळा करा. प्रत्येक टेबलाच्या ओळी मोजा, आणि मागच्या सीझनचे एकूण क्विंटल आणि एकूण चुकारे यांची बेरीज दोन्हीकडे काढा. ओळी जुळल्या आणि बेरीज जुळली नाही तर दशांशाचा कॉलम बघा.

काटापावती
ओळी जुळल्या. क्विंटल जुळले. चुकारे पैशापर्यंत जुळले. शेराही आता वाचता येतो. वणीकरांनी दिलेली प्रोसिजर चालली.

एकच राहिलं. चाचणीसाठी एक उचल टाकली तर ऑफिसवर कास्तकाराची थकबाकी आपोआप वाढते, केंद्रावर वाढत नाही. एरर काहीच नाही.

विदा_मावशी
ट्रिगर, म्हणजे नोंद पडली की आपोआप चालणारी आज्ञा, ती केंद्रावर गेलीच नाही. ॲडव्हान्स्डमध्ये "स्क्रिप्ट ट्रिगर्स" ही ओळ मुळात फॉल्स असते. ट्रू करा, "स्क्रिप्ट इंडेक्सेस" पण तिथंच बघून घ्या, आणि यावेळी डेटाशिवाय, फक्त स्कीमा काढा. त्यातून ट्रिगरचा भाग उचलून केंद्रावर चालवा. चाचणीची ती उचल आधी काढून टाका, ट्रिगर बसल्यावर परत टाका.

काटापावती
वाढली थकबाकी! मावशी, वणीकर दादा, आमच्याकडे आलात तर हुरडा पक्का.

तर्रीपोहे
आणि सतरंजीवाल्यांना?

काटापावती
कणसं भाजायला कोणीतरी लागेलच.

नवखा_वाशिम
नमस्कार, हा माझा पहिलाच प्रतिसाद. आमच्या कृषी केंद्रात २०२२ आहे आणि शाखेत २०१४. बॅकअप चढत नाही. कम्पॅटिबिलिटी लेव्हल १२० केली तर चालेल का?

सरकीढेप
नाई चालत भाऊ. वर मावशीचा पैला प्रतिसाद वाच, मंग बोलू.

नवखा_वाशिम
वाचला. ॲडव्हान्स्ड बटण सापडलं. पण आमच्या "सर्व्हर व्हर्जन"च्या ओळीत २०२२ च लिहिलेलं आहे.

सरकीढेप
त्या ओळीच्या उजव्या टोकाले क्लिक कर, यादी खाली उघडते. त्यातून २०१४ निवड. अन् ट्रिगरची ओळ पण तिथंच हाय, ते आताच ट्रू करून टाक.